पिंपातला अर्धा वाटा

दिंडोरीकडे वडज्यांची घरची वाइनरी होती. दोघा भावांच्या मळ्यांतल्या काळ्या द्राक्षांची वाइन एकाच ओकच्या पिंपात मिसळायची, आणि ती मुरली की मगच बाटल्या भरायच्या, ही घरची रीत. यंदा थोरले भागवतराव वाटणीला उठले. गावचे सरपंच ते, त्यांच्यापुढं धाकट्या भावाची मान वर होईना. पिंप अर्धं रिकामं राहिलं तर आत हवा शिरून उरलेल्याचा सिरका होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझा अर्धा वाटा आत्ता काढा!" ते गरजले.

धाकट्याची बायको यमुना पुढं झाली. "काढा की भावजी. पण तुमचा अर्धा वरचा का खालचा?"

"खालचा! वरचं तर लाकूडच पिऊन टाकतं. मला काय खुळा समजतेस?"

"बरं, खालचा तुमचा. ही घ्या तोटी. फक्त वरचा माझा आहे, तो जागचा हलता कामा नये."

भागवतरावांनी तोटीला हात घातला आणि तसेच थांबले. खालचं काढलं की वरचं उतरणारच. त्यांनी तोटीवरचा हात काढून घेतला.

"मुरायची कधी ही?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

"दिवाळीला बाटल्या भरू, तेव्हा न्या निम्म्या. बाटल्यांची वाटणी होते, भावजी. पिंपाची होत नाही."