तात्यांचं राहिलेलं काम

तात्या वझरकरांनी घरच्या नळासाठी नगरपालिकेत अर्ज केला, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पाणी खात्याचे निफाडकर साहेब दर खेपेला मान वर न करता सांगत, "उद्या या." तात्या दोन वर्षं येत राहिले आणि एका सकाळी सार्वजनिक नळावर बादली भरता भरताच गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरेना. आईला सांभाळू, भावाभावांत भांडणार नाही, सगळं कबूल करून झालं. शेवटी तात्यांची मुलगी कुमुद घाटावरून उठली आणि ओल्या पायांनी थेट कचेरीत गेली.

"साहेब, तात्यांचा जीव त्या नळात अडकलाय. आज तरी मंजुरी द्या."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "अहो बाई, दर्भाचा कावळा करून शिववा. शास्त्रात सोय आहे. नळाचं उद्या बघू."

"करू की," कुमुद म्हणाली. "पण साहेब, आमच्या तात्यांचं एकच काम राहिलं, तर कावळा खाली उतरेना. तुमच्या या कपाटात तर शेकडो माणसांची कामं राहिलीत. तुमच्या दहाव्याला कसं व्हायचं हो?"

साहेबांनी कप खाली ठेवला. कपाटाकडे पाहिलं. मग उठले, धूळ बसलेला अर्जांचा गठ्ठा काढला आणि हळूच विचारलं, "वडिलांचं नाव काय?"

दोन वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं होतं.