आंबेघोळची अर्धी प्रार्थना

मघाशी तुम्ही त्या समोरच्या कड्याकडे तोंड करून 'वाचवा, वाचवा' म्हणून ओरडलात. गंमत चालली आहे हे मला इथे पारावर बसूनही कळत होते. बाहेरून येणारे सगळेच ओरडतात. कडा आवाज परत देतो, त्याची मौज वाटते. पण शाळेतली पोरे प्रार्थना टाकून धावत बाहेर आली, 'काय झालं, काय झालं' करीत तुमच्यापाशी थांबली, आणि तुम्ही हसलात. तेव्हा मात्र मला राहवले नाही. बसा असे सावलीला. या कड्याला हाकेचा कडा का म्हणतात ते ऐका, मग खुशाल पुढे जा.

गोष्ट जुनी आहे. माझ्या आजानेही ती लहानपणी ऐकलेली. त्या काळी भिकाजी मास्तर नावाचे गृहस्थ घाट चढून इथे आंबेघोळला आले आणि त्यांनी गावात पहिली शाळा काढली. माणूस मोठा तळमळीचा, पण शिस्तीला तितकाच कडक. शाळेत काय शिकवायचे ते त्यांनी तीन ओळींच्या प्रार्थनेत बांधले होते. 'खरे बोलू, नीट वागू', ही पहिली. 'अर्धी भाकर वाटून खाऊ', ही दुसरी. तिसरी ओळ मी म्हणत नाही, गावात कोणीच म्हणत नाही. अर्थ तेवढा सांगतो. कोणी हाक मारली, तर हातातले टाकून धावायचे, असा तिचा अर्थ होता.

ही तिसरी ओळ मास्तरांची लाडकी. ती तीनतीनदा म्हणायची रीत होती. पोरे हात जोडून, डोळे मिटून, अशी काही एका सुरात म्हणत की कडा प्रत्येक अक्षर परत देई आणि शेतातली माणसे औत थांबवून ऐकत. प्रार्थनेत मुंगी चावली तरी हलायचे नाही, असा मास्तरांचा दंडक होता.

शाळेमागे ते टाके दिसते ना, कातळात खोदलेले? तिथून शाळेचा रांजण भरायचे काम गुरवाच्या चिमाआजीने आपणहून अंगावर घेतले होते. म्हातारी म्हणे, "प्वारं माजं पानी पित्यात अन् शिकत्यात. म्हंजी चार अक्षरं मलाबी आली की!" तिची नात बायजा याच शाळेत होती. मुलीला शाळेत कशाला, म्हणून घरातले कुरकुरले, तेव्हा आजीनेच तिचे बोट धरून तिला आणून बसवले होते.

श्रावणातली सकाळ होती असे सांगतात. टाक्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. पोरांनी दुसरी ओळ संपवली आणि टाक्याकडून हाक आली. "धावा गं, कुनीतरी धावा!"

पोरांनी ती ऐकली, मास्तरांनीही ऐकली. पण प्रार्थना संपत आली होती आणि ती मध्ये मोडायची कशी, एवढेच त्यांच्या मनात आले. त्यांनी डोळे वटारून पोरांना जागीच राहण्याची खूण केली. बायजाने तर आजीचा आवाज ओळखला होता. तिने मास्तरांकडे पाहिले, आणि एवढीशी पोर, ती तरी काय करणार? हात जोडून उभी राहिली. हाकेला धावण्याची ती ओळ सगळ्यांनी म्हटली, रोजच्या रीतीने तीनदा म्हटली, आणि जागचे कोणी हलले नाही.

म्हणे त्या दिवशी कड्याने ती ओळ परत दिली नाही. तो फक्त म्हातारीची हाक देत राहिला, ती थांबल्यावरही देत राहिला. पोरे पोचली तेव्हा टाक्यात रिकामी घागर तरंगत होती. चिमाआजी गेली होती.



गाव खवळले. पोरांची शाळा बंद झाली. आजीचे दिवसकार्य उरकले तशी मंडळी शाळेचे दार उपटून न्यायला आली. गावचे पाटील पुढे होऊन मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुमी आमच्या पोरांस्नी ग्वाड बोलाया शिकवलं अन् पाय बांधून ठिवलं. असली शाळा आमास्नी नगं. आजच्या आज गाव सोडा."

  मास्तरांनी पागोटे काढून उंबऱ्यावर ठेवले. तेवढ्यात बायजा आपली पाटी न्यायला आली. पाटी काखेत घेऊन ती परत फिरली, पण गेली नाही. रोजच्या जागी उभी राहिली आणि हात जोडून एकटीच म्हणू लागली. पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीशी आल्यावर गप्प झाली.

 शेवटी पाटलांनीच विचारले, "का गं, इसरलीस व्हय?"

"न्हाई," ती म्हणाली. "ऐकतीया. कुनी हाक मारतंय का त्ये."

मग ती पाटी टाकून टाक्याकडे पळाली. पायऱ्यांशी वाकून तिने आत पाहिले. तिथे कोण असणार? पाणी तेवढे होते. ती परत आली, आपल्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "बरं हाय." मग खाली बसली.

भिकाजी मास्तर तिथेच रडू लागले. सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "आजवर मी ही ओळ पाठ करून घेतली. आता ती या शाळेत तोंडाने म्हटली जाणार नाही. आणि मी जिवंत आहे तोवर रांजण मीच भरीन." पाटलांनी दाराला लावलेला हात काढून घेतला. मास्तर अगदी म्हातारे होईपर्यंत सकाळी खांद्यावर घागर घेऊन त्या पायऱ्या उतरत, असे सांगतात. त्यांच्या माघारी तो रांजण जो कोणी मास्तर येईल त्याच्याकडे आला. आत्ताच्या बाईसुद्धा रांजण भरल्याखेरीज फळ्याला हात लावत नाहीत.

आजही प्रार्थना दोन ओळींचीच होते. मग सगळी शाळा गप्प उभी राहून कानोसा घेते. तपासणीला आलेला साहेबही तेवढा वेळ गप्प राहतो. एक पोर टाक्यापर्यंत जाऊन येते, 'बरं आहे' म्हणते, तेव्हा सगळी 'बरं आहे' म्हणून खाली बसतात. पण एखादे दिवशी खरीच हाक आली, तर ते 'बरं आहे' हाक मारणाऱ्याच्या तोंडून यावे लागते. त्याशिवाय प्रार्थना संपत नाही.

तुम्ही हसलात आणि उत्तर दिले नाहीत. बाकीची पोरे परत गेली, आत उत्तराची वाट बघत उभी असतील. पण ती शाळेच्या भिंतीला टेकून उभी असलेली मुलगी दिसली का? सगळ्यांत पुढे पळत आली होती ती. गोष्टीसाठी थांबलेली नाही, गोष्ट तिला पाठ आहे. मघापासून ती तुमच्या तोंडाकडे बघते आहे.

उठा. तिच्याजवळ जा, आणि खरेच बरे असेल, तर तसे तिला सांगा.