काळ्या फुलातली बाग

ऐका गं, ऐका रे. काळ्या रंगाला नावं ठेवणाऱ्यानं तर अगदी पुढ्यात बसावं. माझी गोष्ट त्याच्यासाठीच आहे.

निळ्यानिळ्या डोंगराखाली एक चिमुकली शाळा होती. शाळेत बकुळा होती आणि बकुळाच्या दप्तरात रंग म्हणून एकच वस्तू होती, कुणीतरी टाकून दिलेलं काळं स्केचपेन. तिची आई, पार्वता, शाळेची खिचडी रांधायची. त्या दिवशी बकुळा आईबरोबर तांदूळ निवडत बसली आणि वर्गात पोचेतो पांढरे कागद संपले. बाईंनी कपाटातून एक जुना टिपकागद काढून दिला.

चित्रांचा दिवस होता तो! प्रत्येकाचं चित्र त्याच्याच आईनं चिमट्यानं अंगणातल्या दोरीला लावायचं, अशी तिथली रीत. गेल्या वर्षी पार्वता रिकामा चिमटा हातात धरून उभी राहिली होती. हसत होती, पण बकुळाला ते हसू कळलं होतं. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं. यंदा बाग काढणार, असं बकुळानं वर्गात सांगूनही टाकलं होतं.

"काय गं बकुळे," चोवीस रंगांचा डबा खुळखुळवत विशू म्हणाला, "बागेत सगळे कावळेच का?"

बकुळा उठली आणि नळाजवळच्या कर्दळीत जाऊन बसली. तिथं बादलीत काहीतरी इवलंसं धडपडत होतं. चतुर की काय? तिनं ते ओंजळीत उचललं. पंख भिजून चिकटले होते बिचाऱ्याचे. बकुळानं टिपकागदाचे चार तुकडे केले आणि एका तुकड्यानं ते पंख हळूच टिपले.

पंख सुकले, झळझळले, आणि दाण्याएवढी परी शिंकली!

"थेंबुली माझं नाव," ती किणकिणली. "तुझा कागद खर्च केलास माझ्यासाठी. हे घे दोन थेंब. काळ्या रेघेच्या शेजारी एक टेकव आणि मनात येईल ते माग. पण बोट लावायचं नाही, घाई करायची नाही. घाई केलीस की चिखल!"

बकुळानं काळं फूल काढलं, थेंब टेकवला. "मला बाग दे!" आणि काय सांगू! काळ्यातून निळी झिरमिळ निघाली, मागून जांभळी, मागून गुलाबी... बकुळाला राहवेना. तिनं बोट फिरवलं.

झाला चिखल.

ती डोळे पुसते तोच विशू हुंदके देत आला. त्याच्या मोरावर पाण्याची बाटली सांडली होती. कागद फाटला होता.

"माझी आई आलीय गं. लांबून, चालत."

बकुळानं त्याच्याकडे पाहिलं, थेंबाकडे पाहिलं. मग तिसरा तुकडा आणि पेन त्याच्यासमोर धरलं. "काढ मोर. आणि हात मागे बांध. मी वीस मोजते." काळ्या मोराशेजारी तिनं आपला उरलेला थेंब टेकवला आणि वीस होईतो मोराची मान निळीजांभळी फुलली. विशू नाचतच पळाला. थँक्यूसुद्धा विसरला गधडा!

उरला एक तुकडा. त्यावर बकुळानं काळीच फुलं काढली, काळीच पानं. घंटा झाली.

पार्वता खिचडीचं पातेलं घासता घासता तशीच धावत आली. "आण बकू! कित्ती सुरेख गं!" तिनं चित्र चिमट्यात अडकवलं आणि ओल्या मनगटावरून पाणी ओघळलं. टप्. टप्. टप्.

"अगं बाई! बिघडवलं मी!" तिनं पदर पुढे केला.

"आई, हात लावू नकोस!" बकुळा ओरडली. "थांब फक्त."

"बकुळे, मोज!" विशू म्हणाला आणि स्वतःच मोजायला लागला. मग सगळी मुलं मोजायला लागली. पाचला निळं फुललं, नऊला जांभळं, चौदाला गुलाबी. आणि विसाला प्रत्येक पाकळीला सोनेरी काठ आला. तसला सोनेरी रंग चोवीसच्या डब्यातसुद्धा नव्हता!

पार्वतानं पदर खाली सोडला. ती आपल्या ओल्या, खरबरीत हातांकडेच बघत राहिली.

चिमट्यावर थेंबुली पाय हलवत बसली होती. "दिलेला थेंब परत आला की नाही?" ती बकुळाच्या कानात किणकिणली, गिरकी घेतली, आणि सात रंगांचा लखलखाट होऊन उन्हात विरून गेली.

विशू हळूच जवळ आला. "बकुळे," तो म्हणाला, "माझे चोवीस घे. मला तुझं काळं देतेस?"

"देणार नाही," बकुळा म्हणाली. "ये, दोघं मिळून वापरू."