म्हशीच्या मोलाचा माऊस

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलत असत. आणि तरीही त्या राज्यात माऊस होता. हो, तोच, संगणकाचा. आता हात वर करून ‘असं कसं?’ म्हणून विचारू नका. ज्यांना बोलणारी म्हैस चालते, त्यांनी माऊसही चालवून घ्यावा. आणि मागे बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही नीट ऐका, कारण ही चूक लहान मुलं सहसा करत नाहीत.

तर त्या राज्यात एक मोठं तळं होतं. तळ्याच्या एका अंगाला वरचं गाव, दुसऱ्या अंगाला खालचं गाव. उन्हाळा लागला की पाणी आधी कुणाच्या पाटाला सोडायचं, यावरून दोन्ही गावं लाठ्या घेऊन बांधावर येत. डोकी फुटत आणि पाणी कुणालाच धड मिळत नसे. शेवटी राजा वैतागला. त्याने हुकूम काढला की यापुढे लाठी बंद. दर चैत्रात बांधावर मोठा पडदा लागेल, प्रत्येक गावाचा एक खेळाडू बसेल, आणि जो जिंकेल त्याच्या गावाला उन्हाळाभर पहिलं पाणी.

खेळ असा होता, की बघणाऱ्यालाही श्वास घ्यायचं भान राहू नये. पडद्यावर निळं पाणी आणि त्यात उसळ्या मारणारे मासे. माऊस फिरवून माशावर नेम धरायचा आणि बटण दाबायचं, की मासा टोपलीत. पण मध्येच त्याच जागी कासव डोकं वर काढायचं. चुकून कासवाला लागलं की टोपलीतला एक मासा परत पाण्यात. असे तीन डाव. दोन डावांच्या मध्ये माऊस बदलायचा असेल तर बदलावा, एवढीच काय ती सवलत.

खालच्या गावाकडून हौसा खेळायची. ही हौसा कासारीण, म्हणजे बांगड्या भरणारी. बाई अंगाने बारकी, हात तर दहा वर्षांच्या मुलीएवढे, पण नजर अशी की समोरचीने पदराआडून हात काढला रे काढला, हौसाने माप ओळखलंच. तरीही ती नुसत्या नजरेवर कधी विसंबत नसे. बाईचा हात हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, बोटांची पेरं हलकेच दाबायची, आणि मगच चळतीतून बांगडी काढायची. तिच्याकडे कुणाचा हात कधी सोलवटला नाही.

तिचा माऊस आठवडी बाजारातला होता. टोपलीभर वांगी देऊन घेतलेला, लहानसा, पाठीवरचा रंग उडालेला, लांब शेपटीचा. त्या माऊसवर हौसाने मागच्या साली वरच्या गावाला हरवलं होतं.

वरच्या गावाचा खेळाडू होता खंडू पैलवान. त्याचा एक पंजा म्हणजे तुमची जेवायची ताटली. त्याच्याकडेही बाजारातलाच स्वस्त माऊस होता, पण पैलवानाच्या बोटाखाली त्याचं बटण पार खिळखिळं झालं. एकदा दाबलं की दोनदा लागायचं. पहिल्यांदा मासा मिळायचा आणि दुसऱ्यांदा, नको असताना, कासव. टोपली भरायची आणि रिकामी व्हायची. बिचारा हरला, त्याच्या गावच्या भाज्या करपल्या, आणि वर्षभर त्याला कुणी नीट हाक मारली नाही.

यंदा चैत्र जवळ आला तसा राज्यात एक सौदागर आला. त्याच्याजवळ मखमली डब्या होत्या आणि डबीत माऊस. पण काय माऊस! बिनशेपटीचा. पिसासारखा हलका. पोटातून सात रंगांचा उजेड. बटण लाखो वेळा दाबा, दगा देणार नाही असं तो सांगे, आणि ते खरंही होतं. किंमत मात्र दुभत्या म्हशीएवढी.

खंडू पैलवान त्याच्याकडे गेला. म्हणाला, आधी हातात घेऊ द्या, मागच्या खेपेला पोळलोय. सौदागराने डबी उघडून दिली. पैलवानाने माऊसवर पंजा ठेवला, फिरवला, दाबून पाहिला, आणि मनगटातलं कुस्तीत जिंकलेलं चांदीचं कडं काढून सौदागरासमोर ठेवलं. त्या दिवसापासून तो रोज सराव करू लागला.

ही बातमी खालच्या गावात पोचली. म्हाताऱ्यांनी डोकी धरली, बायकांनी पाटातलं पाणी आत्ताच आटल्यासारखे चेहरे केले. त्यांच्याकडे बिनशेपटीचा आला, आपण वांग्याच्या माऊसवर कसे टिकणार, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. बाबाजी पाटील तर हौसाच्या अंगणात येऊन म्हणाले की पाणी गेलं तर गाव तुला जाब विचारेल.

खरं सांगायचं तर हौसाला कुणी ढकलायची गरजच नव्हती. तिने तो सात रंगांचा उजेड लांबून पाहिला होता आणि तिचे डोळे केव्हाच दिपले होते. तिच्याजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट होती. तिची म्हैस, काजळी. काजळीच्या दुधावर निम्म्या गावाची पोरं वाढत होती.

हौसा दावं सोडू लागली तेव्हा काजळीने रवंथ थांबवला.

“हौसा, हातात घेऊन बघितलास का त्यो?”

“बघायचं काय त्यात? म्हशीच्या मोलाचा हाय.”

“म्हंजी माझं मोल बघून तू त्याला चांगला म्हणतीस,” काजळी म्हणाली आणि मुकाट्याने चालू लागली.

हौसाला ते बोलणं टोचलं, पण पायात उत्साह असा भरला होता की ती थांबलीच नाही. सौदागर काही लबाड नव्हता, बरं का. तिने मागितलं असतं तर त्याने तिलाही डबी उघडून दिली असती. तिने मागितलंच नाही. दावं त्याच्या हातात दिलं, डबी छातीशी धरली आणि धावत घरी आली.

आता इथे खालच्या गावची एक रीत सांगायला हवी. कोणतंही नवं अवजार, मग ते खुरपं असो की सुई, पूजा झाल्याशिवाय वापरायचं नाही. आणि खेळाच्या अवजाराची पूजा खेळाच्याच सकाळी. त्यामुळे डबी देवघरात गेली. हौसा रोज तिला लांबून हात जोडायची. जुन्या माऊसची आता काय गरज, म्हणून त्याची शेपटी तिने बांगड्यांची चळत बांधायला घेतली.

शेवटी तो दिवस उजाडला. बांधावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, पोरं झाडांवर चढली होती. गुरवाने डबीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, डबी उघडली आणि सात रंगांचा उजेड हौसाच्या तोंडावर पडला. खालच्या गावाने असा जल्लोष केला, की जणू पाणी सुटलंच. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पहिल्यांदा त्या माऊसवर हात ठेवला.

आणि तिच्या लक्षात आलं की बोटं बटणापर्यंत पोचतच नाहीत.

पण पंचांनी घंटा वाजवली होती. मासे उसळू लागले. हौसा तळवा पुढे सरकवायची तर माऊस मागून निसटायचा, तळवा मागे घ्यायची तर बटण लांब जायचं. माऊस इतका हलका की जरा धक्का लागला तरी पडद्याच्या पार टोकाला. तिने नेम धरला माशावर आणि लागलं कासवाला. पलीकडे पैलवानाचा पंजा तसल्याच माऊसवर असा पसरला होता, की दोघं एकत्रच जन्मले असावेत. त्याची टोपली भरून वाहिली. हौसाच्या टोपलीत शेवटी एक मरतुकडा मासा तेवढा होता.

ढोल थांबले. बाबाजी पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. खालच्या गावात कुणी कुणाकडे बघेना.

हौसा सुन्न उभी होती. तेवढ्यात खंडू पैलवान पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडे आला. हरण्याची चव त्याला ठाऊक होती.

“हौसाक्का, तुमचा माऊस खराब निघाला का? माझ्यासारखाच तर हाय.”

हौसाने तांब्याकडे पाहिलं नाही. तांब्या धरलेल्या त्या हाताकडे ती बघत राहिली.

“पैलवान, हात द्या इकडं.”

इतक्या वर्षांच्या सवयीने तिने त्याचा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला, पेरं दाबली. मग स्वतःचा हात त्या पंजाशेजारी धरून पाहिला. तिचा हात त्याच्या तळव्यातच संपत होता.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली, “साऱ्या मुलखाचे हात दाबले, आणि माझाच दाबायचा राहिला की.”

ती वळली आणि धावत सुटली. बांधाखाली तिची बांगड्यांची पाटी होती. तिने चळतीची गाठ सोडायला घेतली, पण गाठ काही सुटेना. वरून पंच ओरडत होते की डाव सुरू होतोय. हौसाने शेपटीला हिसका दिला आणि चळत कोसळली. हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्या खळाखळा बांधावरून घरंगळल्या. वर्षाची कमाई फुटत होती आणि हौसाने मागे वळूनही पाहिलं नाही. रंग उडालेला माऊस मुठीत धरून ती पडद्यासमोर येऊन बसली, तोच घंटा झाली.

काय तो डाव! हात ठेवताच माऊस तिच्या मुठीत घरी आल्यासारखा बसला. मासा उसळला की टोपलीत, कासव डोकावलं की हात बाजूला. पैलवान काही कमी खेळत नव्हता, पण हौसा पेटली होती. दुसरा डाव तिने घेतला आणि झाडांवरची पोरं आनंदाने खाली पडता पडता वाचली.

तिसऱ्या डावाला तर दोन्ही गावं उभीच राहिली. म्हशीच्या मोलाचा माऊस आणि टोपलीभर वांग्यांचा माऊस, दोन्ही पडद्यावर सारखेच धावत होते. एकीकडे मासा पडला की दुसरीकडे पडे. लोक आपलं गाव कोणतं ते विसरले आणि प्रत्येक माशाला ओरडू लागले. शेवटची घंटा झाली. पंचांनी टोपल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या. बरोबरी.

असं आजवर कधी झालं नव्हतं. राजाच्या हुकमात शोधलं तर बरोबरीसाठी एक ओळ होती, की दोन्ही पाट निम्मे निम्मे उघडावे. पाणी दोन्हीकडे खळखळत निघालं. माणसं नाचली. पण हौसा नाचली नाही. पहिला डाव तिने आपल्या हाताने घालवला होता आणि म्हणून गावाचं निम्मं पाणी गेलं होतं, हे तिला पुरतं कळत होतं.

तेवढ्यात गर्दीतून लंगडत लंगडत सौदागर आला. मागे काजळी, अगदी सावकाश, कुणाच्या बारशाला निघाल्यासारखी.

“बाई, तुमची म्हैस घ्या,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “एवढी नावाजलेली, एवढ्या मोलाची. पण मी हात लावला की लाथ मारते. थेंबभर दूध नाही मिळालं मला.”

“तुम्ही म्हैस घेताना चुकलात आणि मी माऊस घेताना चुकले,” हौसा म्हणाली. “माल तुमचा खोटा न्हाई. पैलवानाला विचारा, त्याचं कडं पुरेपूर वसूल झालंय. माझाच हात त्या माऊसजोगा नव्हता. घ्या तुमची डबी.”

कुणीतरी कळशी आणून दिली. हौसा तिथेच बांधावर काजळीच्या कासेशी बसली आणि तिचे ते बारके हात लागताच दुधाच्या धारा कळशीत वाजू लागल्या. सौदागर तोंडात बोट घालून बघत राहिला.

“बघितलंस?” काजळी कान हलवत हौसाला म्हणाली. “मी तीच हाय. त्याच्या गोठ्यात फुकट आणि तुझ्या अंगणात सोन्याची.”

हौसा तिच्या पाठीला गाल लावून रडली आणि रडता रडता हसली.

वरच्या गावातल्या काही शहाण्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी उलटा धडा घेतला. वांग्याचा माऊस म्हशीच्या माऊसला पुरून उरला, म्हणून ते वांग्यांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघाले. त्यांनी पैलवानालाही हाक मारली. त्याने आपला पंजा वर करून दाखवला आणि हसत घरात गेला.

खालच्या गावाच्या शेवटच्या वाफ्यांना त्या उन्हाळ्यात पाणी पुरलं नाही. तिथली कलिंगडं लिंबाएवढीच राहिली. हौसाने त्यातलं एक उचलून देवघरात, डबीच्या जागी ठेवलं. आणि तेव्हापासून खालच्या गावात नव्या अवजाराची पूजा होते खरी, पण आधी ते हातात घेऊन पाहतात.

तात्पर्य: वस्तू महाग असो की स्वस्त, किंमत तिचीच वसूल होते जी आपल्या हाताला बसते.