हिरवा दिवा तेवढा चालू होता

एकदा एक तरुण उद्योजक आपल्या शाळेतल्या गुरुजींच्या पाया पडायला गावी आला. वल्लभ त्याचं नाव. त्याच्या कंपनीला नुकताच मोठा पुरस्कार मिळाला होता, आणि तो पहिल्यांदा गुरुजींच्या हाती द्यावा अशी त्याची मनापासून इच्छा होती.

ती कंपनी जन्मली होती याच गावाबाहेरच्या वस्तीवर. चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्यांचं बस्तान. शिक्षण संपवून आलेल्या वल्लभने एक पेटी तयार केली. बिबट्या फडाबाहेर आला की ती त्याला ओळखे आणि वस्तीतले सगळे मोबाइल एकदम खणखणत. पहिली पेटी भागूबाईंच्या छपरावर बसली. त्या दिवसांत वल्लभ त्यांच्याच पडवीत झोपे, त्यांच्याच चुलीवरची भाकरी खाई. भागूबाईंचे यजमान दगडूबा त्याच्यासाठी शिडी धरून उभे राहत. वस्तीतले लोक आधी बिचकले, तेव्हा गुरुजी घरोघर फिरले. "पोरगं आपलं आहे, विश्वास ठेवा," असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. आणि लोकांनी ठेवला.

पुढे ही पेटी शहरातल्या गोदामांत चोरही ओळखू शकेल, हे एका गुंतवणूकदाराच्या ध्यानात आलं. मग वल्लभला मागे वळून पाहायला सवड उरली नाही.

गुरुजींनी पुरस्कार हातात घेतला, निरखला, देवापाशी ठेवला. "चल, अंधार पडायच्या आत भागूबाईंना भेटून येऊ," ते म्हणाले. निघताना त्यांनी पडवीतला एक रिकामा पत्र्याचा डबा आणि एक काठी उचलली.

वस्तीची वाट उसाच्या कडेने जात होती. फड सुरू होताच सत्तरी ओलांडलेले ते शांत, मितभाषी गृहस्थ काठीने डबा बडवू लागले आणि मोठ्याने ओरडू लागले, "आलो रे, आलो! वाट द्या!" वल्लभ चकित झाला. त्याला थोडं हसूही आलं. बांधावर गवत कापणाऱ्या बायांनी मात्र मान वर करूनही पाहिलं नाही.

"गुरुजी, हे काय? पेटी असताना डबा कशाला बडवायचा?"

गुरुजी थांबले. "पेटी चालू आहे का, वल्लभ?"

वल्लभच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याला कंपनीतली एक बैठक आठवली. वस्तीची जुनी यंत्रणा सांभाळण्यात दोन चांगली माणसं अडकून पडली होती, आणि गोदामांचं काम खोळंबत होतं. "वस्तीचं सध्या बंद ठेवू. हा मोठा ग्राहक मार्गी लागला की नंतर बघू," असं त्यानेच म्हटलं होतं. त्या एका ग्राहकानंतर दुसरा आला, मग तिसरा. 'नंतर' तसंच राहून गेलं.

"बंद आहे," तो हळूच म्हणाला.

"आम्हाला ते कळलं नाही. पेटीवरचा हिरवा दिवा उन्हावर चालतो ना, तो लुकलुकतच होता. मोबाइल वाजत नाही म्हणजे बिबट्या नाही, असं आम्ही धरून चाललो. मार्गशीर्षात दगडूबा तिन्हीसांजेला मोटर बंद करायला गेले. हातात काही नाही, तोंडाने आवाज नाही. निर्धास्त गेले. परत आले नाहीत."

वल्लभ बांधावर बसला. "मला कुणी कळवलं का नाही?"

"भागूबाईंच्या भाच्याने तुझ्या कंपनीत फोन केला होता. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगत राहिली. मीही तुला कळवणार होतो. मग वाटलं, तू हळहळशील, पैसे पाठवशील, आणि पुन्हा कामाला लागशील. तू इथे येशील तेव्हाच सांगायचं ठरवलं."

गुरुजी त्याच्या शेजारी बसले आणि सावकाश म्हणाले, "बाळ, तुझी पेटी यायच्या आधी इथला माणूस डबा वाजवल्याशिवाय फडाकडे फिरकत नसे. पेटी आली, आणि आम्ही डबे अडगळीत टाकले. तू आम्हाला केवळ यंत्र दिलं नव्हतंस, आमची सावधगिरी तू स्वतःकडे ठेवून घेतली होतीस. मोठ्या कामामागे जाण्यात पाप नाही. कशाला आधी हात घालायचा आणि काय मागे ठेवायचं, हे प्रत्येकाला ठरवावंच लागतं. पण जे मागे ठेवलंस, त्यावर विसंबून कोण उभं आहे, एवढं पाहायचं होतंस. पेटी चालू ठेवणं जमत नव्हतं, तर बंद आहे एवढं कळवायचं. आम्ही पुन्हा डबे काढले असते. आणि 'विश्वास ठेवा' म्हणत दारोदार मी फिरलो होतो. तेव्हा हे ओझं तुझ्या एकट्याचं नाही."

दोघे पुढच्या वाटेला लागले. डबा तेवढा वाजत होता.

भागूबाई दारातच होत्या. कपाळ मोकळं, हात मात्र पूर्वीसारखेच कामात. वल्लभने पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी त्याला उठवलं, पाणी दिलं, त्याच्या आईची चौकशी केली. मग छपराकडे बोट करत विचारलं, "आता व्हईल का रं ही चालू?"

उद्याच माणसं पाठवतो, असे शब्द वल्लभच्या ओठांवर आले होते. गुंतवणूकदारांसमोर असे शब्द त्याने किती वेळा सहज उच्चारले होते. त्याने ते गिळले.

"नाही, मावशी. ती बंद आहे. नवी करायला किती दिवस लागतील, मला आज सांगता येत नाही. तोवर तिच्यावर विसंबू नका."

भागूबाईंच्या आवाजात राग नव्हता.

"एवढंच तवा सांगायचं हुतंस, लेकरा."

वल्लभने मान खाली घातली.