पाठ फिरवून ऐकणारे बुवा

"बुवा, तुम्ही माझ्याकडे पाठ करून का बसलात?"

रात्रभर गिळून ठेवलेला प्रश्न हेरंबने सकाळी गुरूंच्या दारात उभ्याउभ्याच विचारला.

आदल्या दिवशी सांगलीत त्याची पहिली मोठी मैफल झाली होती. बैठक गच्च भरलेली. तानेतानेला वाहवा. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि अगदी पुढे, पांढऱ्या चादरीवर, रंगनाथबुवा लोकांकडे तोंड करून बसले होते. भैरवी संपेपर्यंत ते वळले नाहीत. कुजबुज झाली. हेरंबने ती ऐकली.

बुवा पानाला चुना लावत राहिले...

संध्याकाळी मोकळा आहेस का, एवढंच त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ते त्याला लावणीच्या थेटरात घेऊन गेले. शिट्ट्यांच्या त्या जागी हेरंबने कधी पाऊल टाकलं नव्हतं. बुवांनी दोन खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून फिरवल्या, त्याला शेजारी बसवलं. रांगांतले लोक दोघांना हसले.

गलका चालूच होता. मग त्यांच्या पाठीमागे मंचावर एका वयस्क बाईने बसून संथ लावणी सुरू केली. शिट्ट्या विरळ झाल्या. हेरंबच्या समोर एका ट्रकवाल्याने उडवायला म्हणून फेटा वर धरला होता. हात तसाच राहिला. मग त्याने तो हळूच खाली आणला आणि मांडीवर घेऊन कुरवाळत बसला. त्याची नजर मंचावर नव्हती. ती कुठे होती, ते हेरंबला कळेना.

गुरुवारी बुवा त्याला दत्ताच्या देवळात भजनाला घेऊन गेले. पेटी बेसूर, गाणाऱ्याचा घसा बसलेला. हेरंबच्या कपाळाला आठ्या पडल्या. बुवांनी त्याची हनुवटी धरून तोंड बायकांच्या बाजूला वळवलं.

टाळ्यांवर ठेका धरून त्या डोलत होत्या. एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर होतं, ती त्याच्या पाठीवरच ठेका धरत होती. गाणाऱ्याला मध्येच ठसका लागला, तो थांबला. पुढची ओळ बायकांनीच उचलली. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दोघं परतीच्या वाटेला लागले. हेरंबचा राग केव्हाच उतरला होता. त्या जागी भीती आली होती.

"बुवा... आणि माझ्या मैफलीत?"

 बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भैरवीत तुझा आवाज जरा फाटला. आठवतं?"

हेरंबने मान खाली घातली. त्या एका सुरासाठी तो अजून स्वतःवर चिडलेला होता.

"तेव्हा खांबाजवळ बसलेल्या एका बाईंनी डोळे मिटले. मग गाणं संपलं तरी उघडले नाहीत."

"आणि बाकीचे?"

बुवांचा हात खांद्यावरच होता...

"बाकीचे तुझ्याकडे बघत होते, बाळा."