वस्तादांनी घातलेली शपथ

नदीकाठच्या एका गावात एक तालीम होती आणि त्या तालमीत हिंदुराव नावाचे वस्ताद होते. गावचे सरपंच दर पाच वर्षांनी बदलत. वस्ताद तीस वर्षं तेच होते. त्यांचा एक नियम होता. कुस्तीच्या मातीत, म्हणजे हौद्यात, उतरलेल्या गड्याने दुखलं म्हणायचं नाही. हात निखळला तरी नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तरी नाही. जो बोलला त्याला दुसऱ्या दिवसापासून तालमीचं दार बंद. या नियमामुळे गावाला नावाजलेले पैलवान मिळाले. बरेच अधू गडीही मिळाले, पण त्यांची मोजदाद कोणी ठेवत नसतं.

आकाराम हा वस्तादांचा सर्वांत जुना पट्ठा. वय पंचेचाळीस, घरी बायकापोरं, दारात चार म्हशी. वस्तादांना स्वतःचं कोणी नव्हतं, म्हणून त्यांचं सगळं तोच बघे. वस्ताद बस म्हणाले की बसायचं, ऊठ म्हणाले की उठायचं. असा माणूस सगळ्यांनाच फार आवडतो.

सदुसष्टाव्या वर्षी वस्तादांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात छाती उघडून ती बदलली. आकाराम भेटायला आत गेला, तेव्हा वस्तादांच्या छातीखालून दोन बारीक तारा बाहेर आलेल्या होत्या. त्या उशाशी टांगलेल्या एका छोट्या पेटीला जोडलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं. "ऑपरेशनमध्ये हृदय दुखावतं. काही दिवस ते ठोके चुकवतं. तोवर ही पेटी त्याला ठोका देते. आपलं आपण नीट चालू लागलं, की तारा काढून टाकायच्या."

आकारामला हे पटलं. वस्तादांना पटलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाचा हात धरला नव्हता, आणि आता काळीजच दुसऱ्याच्या जोरावर चालत होतं. तालमीतली पोरं भेटायला येऊ म्हणत होती, त्यांना त्यांनी येऊ दिलं नाही. "ह्या तारा निघाल्याबिगर मला कुणी बघायचं न्हाई," असं त्यांनी बजावलं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पेटी बंद केली. तारा मात्र तशाच ठेवल्या.

"चोवीस तास बघू," त्या म्हणाल्या. "चक्कर आली, अंधारी आली, तर लगेच सांगा. घाबरण्यासारखं काही नाही. पेटी पुन्हा चालू करू, चार दिवस थांबू. तरीही जमलं नाही, तर कातडीखाली लहानसं यंत्र कायमचं बसवता येतं. ते घेऊन माणसं शेतीसुद्धा करतात."

दुपारी वस्ताद संडासला जायला उठले. ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या वायरी तेवढ्यापुरत्या सोडवल्या होत्या. आकाराम सोबत होता. दारातच वस्तादांचे डोळे फिरले आणि ते भिंतीला घसरत खाली बसले. आकारामने त्यांना कवेत धरलं. थोड्या वेळाने ते भानावर आले. तो सिस्टरना हाक मारायला वळला, तर त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्या पकडीत अजून जोर होता.

"बोलायचं न्हाई."

"वस्ताद, अंधारी आली तर सांगा म्हणल्यात बाई."

"तालमीत काय शिकवलं तुला? माझ्या गळ्याची शपथ हाय. बोललास तर माझ्या मढ्याला खांदा द्यायचा न्हाई तू."

संध्याकाळी पुन्हा संडासला जाताना, वायरी सोडवलेल्या असतानाच, तसंच आणखी एकदा झालं. सांगावं तर शपथ मोडते. न सांगावं तर काय होईल, हा विचार तो पुरा करत नव्हता. वस्तादांचा शब्द मोडायची त्याला सवयच नव्हती, आणि सवय नसलेलं काम ऐन वेळी हातून होत नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. यंत्रावरची नोंद त्यांनी पाहिली. वायरी लावलेल्या होत्या तेवढ्या वेळात सगळं ठीक होतं.

"चक्कर? अंधारी?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले.

बाईंनी आकारामकडे पाहिलं. "तुम्ही सोबत होता. तुम्हाला काही दिसलं?"

आकाराम खाली बघत म्हणाला, "न्हाई, बाई."

त्याच दिवशी तारा निघाल्या आणि चार दिवसांनी वस्ताद गावी आले. तालमीपुढे खुर्ची मांडली होती. पोरं ओळीने पाया पडत होती. वस्ताद ताठ बसले होते, फार खूश होते. सहाव्या की सातव्या पोराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि तो हात तसाच खाली घसरला. जीप दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"असं आधी कधी झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोनदा," आकाराम म्हणाला. "पेटी बंद होती त्या दिवशी."

बाई म्हणाल्या, "मला फक्त एक बटण दाबायचं होतं." त्यांनी कानाखाली मारली असती, तर आकारामला बरं वाटलं असतं.

शपथ त्याने पाळली होती. म्हणून खांदा द्यायला तो मोकळा होता, आणि त्याने खांदा दिला.

दिवसकार्याला सगळा गाव जमला. आकारामने सर्वांपुढे उभं राहून खरं काय ते सांगून टाकलं. लोक शिव्या देतील, निदान तोंडावर थुंकतील, अशी त्याची आशा होती. लोकांनी माना डोलावल्या.

"पट्ठा असावा तर असा," एक म्हातारा पैलवान म्हणाला. "शेवटपतुर शब्द मोडला न्हाई." गावकऱ्यांनी वस्तादांचा फेटा आकारामच्या डोक्याला बांधला आणि तालीम त्याच्या हवाली केली.

आकारामने फेटा उतरवून मांडीवर घेतला.

"मोडला असता," तो म्हणाला, "तर ह्यो फेटा आज त्येंच्याच डोक्याला असता."

फेटा त्याला परत बांधायला कोणाचा हात पुढे झाला नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाचा शब्द राखताना त्याचा जीवच जाणार असेल, तर तो शब्द बेलाशक मोडावा. मोडलेल्या शपथेची माफी मागता येते, पण ती द्यायला माणूस जिवंत असावा लागतो.